लिंबाजीमामांची छत्री

माझे लिंबाजीमामा गाडी पुढे नेतात आणि बघतात मागे.

हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. मामा खरोखरच डोक्यावरच्या आरशात बघत टेम्पो चालवतात. समोरून कापसाने लादलेली बैलगाडी येवो, शेळ्यांचा कळप येवो, नाहीतर भरधाव एस.टी. येवो, मामांचे डोळे आरशात. मधूनच ते समोरही बघतात, पण रस्त्यावर उपकार केल्यासारखे. जिंतूर रस्त्यावर एकदा चाकाखाली येता येता वाचलेल्या एका म्हाताऱ्याने काठी आपटून गाडी थांबवली आणि खिडकीत तोंड घालून विचारलं, "लगनाला निघालास का रे? सारखा आरशात काय बघायलास?"

मामा अत्यंत शांतपणे म्हणाले, "म्होरचं काय बघायचं, आबा? म्होरचं तर आपुन हून येणारच हाय."

मी शेजारी बसलो होतो. संताप झाला. पुढचे तीन-चार कोस मी मामांना समजावून सांगितलं की, मागे बघत बसणाऱ्या समाजाचं काय होतं, इतिहासाची चाकं कुठल्या दिशेला फिरतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव गेला असता तर त्याची जबाबदारी कोणावर. मामांनी सगळं ऐकून घेतलं. आरशातली नजर न काढता म्हणाले, "मंजूर." आणि तसेच चालवत राहिले.

मंजूर आणि नामंजूर. मामांचं जगाशी असलेलं भांडण आणि सख्य या दोन शब्दांत मावतं. भाजीत मीठ कमी पडलं तर नामंजूर. पाऊस पडला तर मंजूर. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेला पाहुणा हुंड्याचं बोलायला लागला, तेव्हा मामा उठून त्याच्या चपला त्याच्यासमोर ठेवत म्हणाले होते, "दरखास्त नामंजूर." निजामाच्या अमलात ते दोन बुकं उर्दू शिकले आणि पुढे सरकारी नोकरीत ड्रायव्हर झाले. दोन्ही राजवटींतून त्यांनी एवढंच उचललं.

मला ते नावाने हाक मारत नाहीत. मी चळवळीची पत्रकं लिहितो, सायक्लोस्टाइल करतो, गावोगाव वाटतो. म्हणून माझं नाव पत्रक. "काय पत्रक, आज कुणाचा निषेध?" हे त्यांचं मला रामराम-जयभीम. माझी उरलेली पत्रकं ते न विसरता मागून घेतात. मी वर्षभर समजत होतो की मामा ती वाचतात. मग एक दिवस पाहिलं, की ते 'जागे व्हा'चा बोळा करून गाडीचा आरसा पुसत होते.

"मामा!"

"शाई चांगली हाय तुझ्या पत्रकाला," ते म्हणाले. "वल्या फडक्यानं वरखडे उठत्यात. याच्यानं काच कशी साफ निघती, बघ."

आता त्या गाडीविषयी सांगतो. मामा आयुष्यभर सरकारची प्रसिद्धीची गाडी चालवत होते. ही गाडी संध्याकाळी गावात यायची, पांढरा पडदा बांधायची, आणि कुटुंब लहान ठेवा, बियाणं सुधारित वापरा, अक्षरं शिका, असं दाखवून झालं की एक जुना सिनेमा दाखवायची. मामा रिटायर झाले त्याच वर्षी गाडीही रिटायर झाली. सरकारने ती लिलावात काढली आणि मामांनी फंडाच्या पैशातून घेतली. लोकांनी वेड्यात काढलं. तोवर मामी वारली होती, मूलबाळ नव्हतं. मामांनी घराला कुलूप घातलं, गाडीत एक बाज टाकली, स्टो ठेवला, पाण्याची घागर ठेवली, आणि फिरतीवर निघाले. 'फिरती' हाच त्यांचा शब्द. आज पोखर्णीच्या फाट्यावर मुक्काम, उद्या सेलूच्या स्टेशनामागे, परवा आणखी कुठे. गाडीत पेट्रोलवर चालणारं जुनं जनरेटर होतं. वस्त्यावस्त्यांतून रेडिओ दुरुस्त करायचे, लोक देतील ते खायचे. मागच्या पत्र्यावर, आतल्या अंगाने, पांढऱ्या रंगात काहीतरी गिरबटलेलं होतं. मी एकदा विचारलं, हे उर्दू आहे का. मामा म्हणाले, "ते गाडीचं हाय." मी पुढे विचारलं नाही. मला त्या वेळी क्रांतीची घाई होती.

आणि तो पडदा. त्याच्याविषयी लिहायला बसलो की आजही माझी बोटं पेनावर आवळतात.

पडदा मारुतीच्या पारावर बांधला जायचा. पडद्यापुढे गाव बसायचं. आम्ही पडद्याच्या मागे. ओढ्याच्या बाजूला, खड्यांत, पोती टाकून. कोणी हुकूम काढलेला नव्हता, कोणी पाटी लावलेली नव्हती. तसा रिवाजच होता आणि तो मोडायला गेलं की काय होतं हे आमच्या गावाला माहीत होतं. कापड पातळ, उजेड आरपार यायचा. त्यामुळे सिनेमा आम्हालाही दिसायचा, फक्त उलटा. आमचा नायक डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने तलवार चालवायचा. साक्षरतेच्या फिल्ममध्ये मोठी मोठी अक्षरं यायची, तीही उलटी. मी शाळेत गेलो तेव्हा गुरुजींनी फळ्यावर 'क' काढला आणि मी उभा राहून म्हणालो, "गुरुजी, उलटा काढलाव." जो मार पडला तो अजून आठवतो. शाळेत जाण्याआधीच मला जी अक्षरओळख झाली होती ती समाजाच्या पाठीमागून झाली होती. गुरुजींना हे कोण सांगणार?

मामा सरकारी माणूस, म्हणून ते पुढच्या बाजूला. यंत्रापाशी उभे. गयामामी आमच्यात, मागच्या बाजूला. नवरा-बायकोच्या मधे पडदा. तिला वाचता येत नव्हतं आणि सिनेमा संपल्यावर जी अक्षरं यायची त्यांचं तिला भारी कुतूहल. मामा पुढून रस्सी सोडायला लागले की ती मागून विचारायची, "आवं, काय लिहून आलं?"

पडद्यापलीकडून मामांचा आवाज यायचा, "समाप्त आलं. चल घरी."

दर खेपेला तेच लिहून यायचं. दर खेपेला ती विचारायची.

पुढे गावोगावी टीव्ही आले. जिंतूरकडच्या डोंगरातल्या एका खोलगट गावात (नाव लिहीत नाही, लिहिलं तर तेवढंच गाव वाईट ठरेल आणि बाकीची सुटतील) साध्या अँटेनावर नुसत्या मुंग्या दिसायच्या, म्हणून सरकारने ग्रामपंचायतीला टीव्हीबरोबर जाळीची मोठी छत्रीही दिली. डिश म्हणायचं ते शहरात. आमच्याकडे छत्रीच. सरपंचाने टीव्ही ठेवला देवळाच्या सभामंडपात. वस्तीतली माणसं बातम्या बघायला गेली तर त्यांना पायरीखाली थांबवलं. मी तावातावाने सरपंचाकडे गेलो. तो सुपारी कातरत म्हणाला, "टीव्ही समद्यांचा हाय. देऊळ आमचं हाय. आता तुमीच सांगा, आमचं काय चुकलं?"

मी त्याच दिवशी पत्रक काढलं. मामांनी ते वाचलं. आयुष्यात त्यांनी वाचलेलं माझं ते बहुधा एकमेव पत्रक. वाचून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "परद्याला दोन अंगं व्हती, पत्रक. मागून का व्हईना, दिसत व्हतं. या डब्याला एकच अंग हाय. मागं बसणाऱ्याला त्यात काईच न्हाई." आणि उठून उभे राहत त्यांनी जाहीर केलं, "गाडीला छत्री बसवायची. हरेक वस्तीत न्यायची. म्होरून दाखवायचं."

माझी पंचाईत झाली. महिनाभरापूर्वीच मी 'आकाशातून होणारं आक्रमण' नावाचं पत्रक काढलं होतं. त्यात या छत्र्या म्हणजे परदेशी भांडवलाची भिक्षापात्रं आहेत असं सिद्ध केलं होतं. पण त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार अशी जोराची हवा होती. ज्या नावासाठी आमच्या वस्त्या जळल्या, माणसं तुरुंगात गेली, पोरांनी लाठ्या खाल्ल्या, त्या नावाची बातमी आम्ही पायरीखाली उभं राहून ऐकायची? मी नवं पत्रक काढलं. त्यात लिहून टाकलं की, निर्णयाच्या संध्याकाळी त्या गावातली वस्ती स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या टीव्हीपुढे, समोरून बसून बातमी बघेल. वाटूनही टाकलं. आता छत्री मिळणं भागच होतं. नाहीतर सरपंच ते पत्रक घेऊन पायरीवर उभा राहिला असता आणि वस्तीला वाचून दाखवलं असतं.

पहिल्यांदा आम्ही परभणीला गेलो. दुकानदार टाय लावून बसला होता. आमच्या पायांकडे आधी पाहिलं, मग तोंडाकडे.

"कोणत्या बंगल्यावर बसवायची?"

"टेम्पोवर," मामा म्हणाले.

"म्हणजे, टेम्पोतून कुठं न्यायची?"

"कुठंबी. रोज निराळं."

त्याने आम्हाला इंग्रजी माहितीपत्रक दिलं आणि बाहेरचं दार दाखवायच्या तयारीने उभा राहिला. मी ते वाचून मामांना अर्थ सांगू लागलो: फायबरची छत्री कशी असते, जाळीची कशी, किती फुटांची लागते. मामा चित्रं बघत म्हणाले, "दुसऱ्याचंबी पत्रक वाचत जा. याच्यात चित्रं तरी हायत." शेवटी दुकानदार म्हणाला, फायबरची वजनदार असते, टेम्पोच्या टपाला झेपणार नाही, मागच्या पत्र्याला आरपार बोल्ट मारून खांब उभा करावा लागेल.

"कोन्त्या पत्र्याला?"

"मागच्या."

"नामंजूर," मामा म्हणाले आणि चालू लागले.

मग सेलू. तिथे एका कापसाच्या अडत्याच्या मुलाने छत्र्यांची एजन्सी घेतली होती. मुलगा बरा होता. बापाने पेढीवरून आमची चौकशी केली: कुठले, कोणाचे, कोणत्या अंगाला राहता. मी उत्तर दिलं तसा म्हणाला, "वस्तीत छत्री? तुमाला काय करायची रे?"

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामांनी मला दंडाला धरून अंगणात आणलं. तिथे त्या बापलेकांची स्वतःची छत्री होती, बारा फुटांची, लखलखीत. आणि आत टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

मामांनी खिशातून होकायंत्र काढलं. ते त्यांना सरकारी फिरतीत एका भूगर्भवाल्या साहेबाने बक्षीस दिलं होतं. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा छत्रीकडे. "शेटजी, तोंड उगवतीला कामून केलंय?"

"मग कुठं करायचं?"

"दक्षिणेला. सगळे उपग्रह तिकडंच हायत. परभणीच्या चित्राच्या पत्रकात लिव्हलंय, माझ्या भाच्यानं वाचून दाखवलं."

शेटजी ताडकन उठला. "दक्षिणेला? यमाच्या दिशेला? माझ्या घरातलं एक दार तिकडं न्हाई, चूल तिकडं न्हाई, आन लाखाची वस्तू तिकडं तोंड करून ठिवू?"

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, मी बी तेच सांगायलो चार म्हयने."

"तू गप! लक्ष्मी येईल का दक्षिणेकडून?"

"लक्ष्मीचं म्हाईत न्हाई," मामा म्हणाले, "पण उगवतीकडून तर मुंग्याच यायल्यात."

परतताना मी शेटजीचा तोंडी निषेध करत होतो. मामा मात्र आरशात बघून हसत होते. पोखर्णीच्या फाट्याच्या अलीकडे म्हणाले, "गंमत बघ. त्यांनी गाव वसवलं तवा आमाला दक्षिणेला टाकलं. वंगाळ दिशा म्हणून. आन आता समदं आभाळ तिकडंच ऱ्हायाला गेलंय. आपल्या वस्तीच्या म्होरं काई आड येत न्हाई. सरळ दिसतंय."

मी म्हणालो, यावर पत्रक काढतो. ते म्हणाले, "काढ. आरसा मळलाय."

सेलूच्या मुलानेही जाता जाता तेच सांगितलं होतं, मागच्या पत्र्याला बोल्ट. तेही नामंजूर झालं. का, ते मामा सांगेनात. इकडे निर्णय आज होतो की उद्या, असं वातावरण. वस्तीतून निरोपावर निरोप: "पत्रक, छत्री कवा?" पत्रक हे नाव तोवर सगळीकडे पोचलं होतं.

शेवटचा आसरा जिंतूरचे रशीदभाई. वेल्डिंगचं दुकान. त्यांनी भंगारातल्या सळया वाकवून, जाळी ताणून स्वतःची छत्री बनवली होती. बारा पाकळ्या, सुट्या होणाऱ्या, हलक्या. त्यांनी आमचे पाय बघून आम्ही कोण ते ठरवलं नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "देखो भाई, दो तरीके हैं. एक तो तिवई बनाके जमीन पे रखो. मगर हर गाव में खोलो, जोडो, दिशा लावो, तीन घंटे जाते. दुसरा, पीछे के पत्रे को बोल्ट मारके पक्की बिठाओ. आधे घंटे में काम."

"पक्की बसवा," मी म्हणालो. "चळवळीला तीन तास नसतात."

मामा दुकानाबाहेर आभाळ बघत होते. त्यांना मी विचारलंही नाही. इंग्रजी वाचणारा मी, पत्रक काढणारा मी, निर्णयही माझाच. रशीदभाई ड्रिल घेऊन गाडीत चढले. यंत्राची घरघर सुरू झाली आणि मामा धावत आले. या वयात त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते गाडीत शिरले आणि मागच्या पत्र्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. ड्रिलचं टोक त्यांच्या छातीपासून वीतभर.

"नामंजूर."

"मामा, बाजूला व्हा."

"या पत्र्याला भोक पडणार न्हाई."

मग माझा तोल गेला. "पत्र्याला! समाज तिकडं पायरीखाली उभा आहे आणि तुम्हाला भंगारातल्या पत्र्याची पडलीय! तुमच्यासारख्या माणसांमुळेच, मामा, तुमच्यासारख्या आरशात बघणाऱ्यांमुळेच आपली ही गत झाली. जन्मभर त्यांचा पडदा बांधलात, जन्मभर त्यांच्या बाजूला उभे राहिलात. स्वतःची बायको मागे बसवलीत!"

रशीदभाईंनी ड्रिल बंद केलं. त्या शांततेत माझं शेवटचं वाक्य मलाच ऐकू आलं.

मामांनी पसरलेले हात खाली घेतले. मंजूर नाही, नामंजूर नाही. खाली उतरले आणि दुकानामागच्या हौदावर जाऊन तोंड धुऊ लागले.

मला कुठे बघावं कळेना. मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. गाडी चालू करून एकट्यानेच निघून जावं असं वाटलं. गाडी चालवता येत नव्हती हे नंतर आठवलं. सीट मामांच्या बेताची, आरसा मामांच्या बेताचा. सहज मान वर गेली.

आरशात मागचा पत्रा दिसत होता. त्यावरचं पांढरं गिरबटलेलं. आणि ते गिरबटलेलं नव्हतं. वाकड्या, लहान-मोठ्या, पण स्वच्छ अक्षरांत आरशात लिहिलेलं होतं:

गयाबाई.

मी वळून पाहिलं. पत्र्यावर पुन्हा तेच अनोळखी गिरबट. आरशात पाहिलं, गयाबाई. मी असा किती वेळ मान फिरवत होतो माहीत नाही. मामा केव्हा खिडकीशी येऊन उभे राहिले तेही कळलं नाही.

"परद्यामागं बसून शिकली," ते म्हणाले. उपरण्याने तोंड पुसत होते. "ती अक्षराची फिल्लम लागायची ना, तवा. कुणाला बोलली न्हाई. गाडी मुक्कामाला घरी आणली की ती धुवायची, झाडायची. एक दिवस बघतो तर हे. मला म्हणली, बगा बरं, बरोबर हाय का."

"मग?"

"मग काय? मी उर्दूत शिकल्याला. उजवीकडून लिव्हल्यालं मला वावगं वाटंना. पण अक्षरंबी उलटी. म्हणलं आता सांगावं हिला. सांगणारच व्हतो. तेवढ्यात गाडी काढायला म्होरं बसलो, आरशात बघितलं, तर बरोबरच व्हतं." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "म्हणलं, बरोबर हाय."

"आणि नंतर?"

"न्हाईच सांगितलं. साहेबानं सांगितलं, सरकारी गाडी खराब केली, खरवडून टाक. म्या वरून लहान कुटुंबाचा पोस्टर डकवला. रिटायर हुईस्तोर. गाडी घेतली त्या दिवशी आधी तो पोस्टर काढला."

मी पत्रकं लिहितो. निषेध, धिक्कार, आवाहन, सगळे शब्द माझ्याकडे तयार असतात. त्या वेळी एकही कामाला आला नाही. मी खाली उतरलो आणि रशीदभाईंना म्हणालो, "तिवई करा."

"तीन घंटे लगते, बोला था मैंने."

"लागू द्या. त्या पत्र्याला हात लावायचा नाही. तिथं माझी मामी आहे."

रशीदभाईंनी मागच्या पत्र्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि ड्रिल नेऊन कपाटात ठेवलं. तिवईची मजुरी घेतली नाही.

निर्णयाच्या दिवशी आम्ही दुपारीच त्या गावात पोचलो. वस्तीच्या अंगणात तिवई रोवली, पायांवर धोंडे ठेवले, बारा पाकळ्या जोडल्या. शेवटचा बोल्ट सापडेना म्हणून एका बाईने नथीची तार दिली. मामा होकायंत्र हातात धरून ओरडत होते, "दक्षिण! थोडं उगवतीकडं! आता थांब! हलू नका, बातमी सांडंल!" सगळी वस्ती छत्रीला हात लावून उभी. मामांनी दुरुस्त केलेला एक जुना टीव्ही टेम्पोच्या बाजूच्या दारात ठेवला होता, तोंड अंगणाकडे. सूर्य कलला, मुंग्या हटेनात. मग कोणीतरी एक पाकळी बोटभर दाबली आणि मुंग्यांतून एक बाई साडी सावरत निघाली आणि बातम्या देऊ लागली. अंगणात असा गलका झाला की, तिची पहिली काही वाक्यं कोणालाच कळली नाहीत.

तेवढ्यात गावातली वीज गेली, देवळातला टीव्ही बंद पडला. आमचं जनरेटर चालूच होतं. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडच्या गावातून पाच-सहा जण आले. सरपंचाचा भाऊही होता. ते टेम्पोच्या पलीकडच्या अंगाला, टीव्हीच्या मागे घुटमळत उभे राहिले. मी पुढे सरसावलो. पायरीचा हिशोब आता चुकता करायचा होता. पण मामांनी मला मागे ओढलं आणि त्या लोकांना म्हणाले, "तिकडून काय दिसणार? म्होरं या. आमी मागून लय बगितलंय, त्याच्यात काई मजा न्हाई. या, बसा. पोतं सरकवा रे."

ते आले. आमच्या पोत्यांवर, आमच्याबरोबर, समोरून बसले. मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही.

मग ती बातमी आली. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार दिला. जुनं नाव तसंच ठेवून नवं त्याला जोडलं. अंगणात माणसं रडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि माझ्या डोक्यात पत्रकाचा पहिला परिच्छेद तयार होत होता. मामांना सांगावं म्हणून वळलो. मामा कुठे दिसेनात.

ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. टीव्हीच्या मागच्या बाजूला. तिथून चित्र दिसत नव्हतं, नुसता उजेड दिसत होता. त्यांची नजर आरशात.

मी खिडकीपाशी गेलो. आरशातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "काय लिहून आलं?"

हा मामीचा प्रश्न होता. मग म्हणालो, "नाव आलं, मामा. पण बदललं नाही. जुन्याला जोडलंय नुसतं. ही तडजोड आहे. मी उद्याच—"

"लांब झालं का नाव?"

"झालं."

"मग लिहायला येळ लागंल त्यांना. लागू दे." त्यांनी सीटखालून माझं एक पत्रक काढलं, बोळा केला आणि आरसा पुसला. उजेड होता तेवढ्यात पुसून घ्यावा तसा. मग हळू आवाजात म्हणाले, "उलटं न्हाई ना दिसत कुणाला?"

मी अंगणाकडे पाहिलं. म्हाताऱ्या, पोरं, ओढ्यापलीकडचे ते पाच-सहा, सगळ्यांच्या तोंडावर टीव्हीचा उजेड पडला होता.

"नाही, मामा. सगळ्यांना सुलटं दिसायलंय."

"मंजूर," मामा म्हणाले. आरशात बघत.